आढळून आले नाहीत

"मॅडमला बोलवा," असे नायब तहसीलदार साहेब म्हणाले, तेव्हा मी त्यांच्या टेबलासमोरच उभा होतो.

तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत मी अव्वल कारकून आहे. तालुक्यातल्या रेशनकार्डांचे कागद माझ्या हातून जातात. कचेरीत पहिला संगणक आला त्या दिवसापासून त्याविषयीचा प्रत्येक प्रश्नही माझ्याकडेच येत असे. प्रिंटर अडला, यादी उघडेना, जिल्ह्याहून आलेले पत्र उमजेना, की शिपाई माझ्या टेबलापाशी येई. "साहेब, तुमच्या मशीनला काय झालंय बघा बरं." तुमच्या मशीनला. हे दोन शब्द मला फार आवडत. त्या सकाळी मात्र मी हाताच्या अंतरावर असताना साहेबांची नजर माझ्या खांद्यावरून दाराबाहेर गेली, दोन वर्षांपूर्वी कंत्राटी डेटा ऑपरेटर म्हणून रुजू झालेल्या एका मुलीच्या टेबलाकडे. मी बाजूला सरलो. सरताना हसलोही. ते हसू चेहऱ्यावर किती वेळ ठेवावे हे मला समजेना, एवढे आठवते.

मी मत्सरी मनुष्य आहे हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले. तोपर्यंत मत्सर करावा असे कोणी माझ्या आसपास आलेच नव्हते, आणि या योगायोगालाच मी माझा स्वभाव समजत आलो होतो.

ती ऊसतोड मजुरांची मुलगी. माजलगावकडच्या एका उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या झोपडीवजा कोपीत आपला जन्म झाला, हे ती गावाचे नाव सांगावे इतक्या सहज सांगे. सुरुवातीला मी तिला "अगं बाळ" म्हणून हाक मारी, काम शिकवी, डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढे करी. पुढे माझ्या हातून अर्धा दिवस घेणारी यादी ती चहा निवण्याच्या आत लावून देऊ लागली, तेव्हा मी तिला "मॅडम" आणि "तुम्ही" म्हणू लागलो. कचेरीत सर्वांना तो माझा मोठेपणा वाटला. मनात आकस धरला की माझी भाषा अदबशीर होते, ही माझी जुनी खोड कोणालाच ठाऊक नव्हती.

"सर, तुम्ही मला परत 'अगं' म्हणा ना," ती एकदा म्हणाली. "मॅडम म्हटलं की वाटतं, माझं काहीतरी चुकलंय."

"काही चुकलेलं नाही, मॅडम," मी म्हणालो.

त्या वर्षी बोगस कार्डे शोधण्यासाठी एक नवी संगणक प्रणाली आमच्याकडे आली होती. ती प्रत्येक कार्डाला आपण होऊन एक आकडा देई. आम्ही त्याला शंकागुण म्हणत असू. आकडा ठरावीक मर्यादेच्या वर गेला की कार्ड बंद पडे आणि दुकानातल्या यंत्रावर लाल अक्षरांत 'संशयित' हा शब्द उमटे. शंका कशामुळे आली हे यंत्र कार्डवाल्याला सांगत नसे, आम्हालाही सांगत नसे. साहेबांना त्याचे कौतुक होते. "मशीनला ना जात, ना भाऊबंदकी, ना कुणाचा फोन," असे ते म्हणत. मलाही ते पटत असे.

गुढीपाडवा झाला, कारखान्यांवर गेलेली माणसे गावी परतली आणि आमच्या व्हरांड्यात रांग लागली. दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातली गावेच्या गावे घराला कुलूप लावून ऊसतोडीला जातात. त्या पाच-सहा महिन्यांत गावच्या दुकानातून त्यांनी धान्य उचललेले नव्हते. यंत्राच्या दृष्टीने ती माणसे नाहीशी झाली होती.

रांगेत साठीला टेकलेली एक विधवा होती. दिराच्या टोळीबरोबर ती अजून फडावर जाई. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे एक कोयता म्हणतात, आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता.

"सायेब, काय म्हणतंय मशीन?"

"तुमचं कार्ड संशयित दाखवतंय, मावशी."

"म्हंजी?"

"म्हणजे तुम्ही त्या पत्त्यावर राहता की नाही, याची त्याला शंका आहे."

"आवो, हितं उभी हाय नव्हं मी?" तिने मागच्या बाईपुढे दंड धरला. "चिमटा काढ गं मला. हाय का न्हाई ते कळू दे सायबास्नी." रांग हसली. ती हसली नाही. "मुकादमाच्या लेखी मी अर्धा कोयता. तुमच्या मशीनच्या लेखी तेवढी बी न्हाई का?"

मी तिला अर्ज करायला सांगितले. अर्ज तिने शेजारच्या टेबलावर त्या मुलीकडून लिहून घेतला आणि माझ्यापुढे ठेवताना म्हणाली, "पोरगी लई गुणाची हाय, सायेब. बसायला खुर्ची दिली, समदं इचारून घेतलं." मी त्या बाईला खुर्ची दिली नव्हती, हे तिने म्हटले नाही. मला मात्र तेवढेच ऐकू आले.

ती मुलगी खरोखरच सगळे विचारून घेत होती. घर कधी सोडले, कधी परतलात, मागे घरात कोण होते, अंगठा यंत्रावर उमटतो का. रांगेतल्या प्रत्येकाची उत्तरे ती एका शाळकरी वहीत उतरवी. पंधरवड्यानंतर तिने तालुक्याचा नकाशा भिंतीला लावला आणि बंद पडलेल्या प्रत्येक कार्डासाठी त्या त्या गावावर एकेक टिकली चिकटवली, स्वतःच्या पाकिटातली, मरून रंगाची. पाणी असलेली बागायती गावे कोरी राहिली. डोंगरपट्ट्यातली, कोयते पाठवणारी गावे टिकल्यांखाली दिसेनाशी झाली.

"साहेब, मॅडमनी तालुक्याचं हळदीकुंकू केलं बघा," शिपाई म्हणाला.

"योगायोग असेल, मॅडम," मी म्हणालो.

"योगायोग एवढा नकाशा बघून येतो का, सर?"

शिपाई मोठ्याने हसला. त्याच सकाळी साहेबांनी तिला आत बोलावले.

राज्याच्या नव्या तंत्रज्ञान धोरणाचा मसुदा तेव्हा जिल्ह्यात आला होता. सरकारी कामात निर्णय घेणारी यंत्रे कशी असावीत, त्यांच्याकडून कोणावर अन्याय होऊ नये म्हणून काय करावे, यावर प्रत्येक तालुक्याने टिपण पाठवायचे होते आणि बीडला त्यावर बैठक व्हायची होती. टिपण लिहिण्याचे काम साहेबांनी तिला दिले. "तुम्ही फक्त वर पाठवा," ते मला म्हणाले. तो 'फक्त' मी घरी घेऊन गेलो, जेवतानाही जवळ बाळगला.

टिपण तीन पानांचे होते. माझ्या सगळ्या नोकरीत मी तसे एकही लिहिले नाही, हे पहिल्या पानावरच मला कळले. यंत्राला शंका आली तरी माणूस दारापर्यंत जाऊन येईतो धान्य बंद होऊ नये, आणि त्या माणसाने हंगामात नव्हे, पाडव्यानंतर जावे, असे तिने लिहिले होते. शंकेचे कारण कार्डवाल्याला मराठीत, मोठ्याने वाचून दाखवता येईल अशा शब्दांत मिळावे. एका कोयत्यामागे दोन माणसे असतात, ती यंत्राने दोनच मोजावीत. घरभेटीच्या नमुन्यात ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी वेगळा रकाना असावा. अशी प्रणाली गावात आणण्याआधी ती पारखून घ्यावी, आणि पारखणाऱ्यांत फडावर जाणाऱ्या बायका असाव्यात, कारण आपले अंगठे कशाने झिजतात हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. मी चूक शोधत वाचत होतो. एका ठिकाणी विरामचिन्ह राहिले होते. ते मी लाल शाईने घातले आणि क्षणभर मला बरे वाटले.

मग शेवटचा परिच्छेद आला. यंत्राने शंका घ्यायला जुन्या याद्यांवरून शिकून घेतले आहे, असे त्यात होते. काही वर्षांपूर्वी बोगस कार्डांची जी शोधमोहीम झाली, तिच्या याद्या यंत्राला नमुना म्हणून पुरवल्या गेल्या आणि त्या मोहिमेतल्या घरभेटी माघ महिन्यात झाल्या होत्या.

त्या घरभेटी मी केल्या होत्या.

मी ज्या वस्त्यांवर गेलो तिथे दारोदार कुलपे होती. अंगणात वाळलेली तुळस, एखादे कुत्रे आणि ओट्यावर बसलेली, ऊस तोडणे आता झेपत नाही अशी म्हातारी माणसे. एका आजोबांना मी विचारले होते, या घरातले लोक कुठे आहेत? ते माझ्याकडे पाहतच राहिले. "उसाला गेल्यात की. तुमास्नी ठावं न्हाई व्हय? बाहेरगावचे हाव का?" मी बाहेरगावचा नव्हतो. याच मातीत वाढलो, शाळेतले माझ्या बाकावरचे सोबती दिवाळीनंतर दिसेनासे होत ते कुठे जात हे मला लहानपणापासून माहीत होते. पण छापील नमुन्यात दोनच रकाने होते, 'आढळून आले' आणि 'आढळून आले नाहीत'. मी दुसऱ्यात खूण केली आणि त्या आजोबांचाच अंगठा साक्षीदार म्हणून घेतला. लिहिले ते खोटे नव्हते, असे मी तेव्हापासून स्वतःला सांगत आलो. जिल्ह्यात सर्वाधिक बोगस कार्डे शोधल्याबद्दल झेंडावंदनाच्या दिवशी मला प्रशस्तिपत्र मिळाले. ते आमच्या बैठकीच्या खोलीत, आल्यागेल्याला दिसेल असे टांगलेले होते. पुढे त्यांतल्या बहुतेक माणसांनी कचेरीला खेटे घालून कार्डे परत मिळवली. यादीसाठी मात्र कोणी खेटे घातले नाहीत. ती तशीच राहिली.

यादीच्या प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. त्या मुलीने ती पाहिली असणारच, तरीही टिपणात तिने माझे नाव घातले नव्हते. याचे मला बरे वाटायला हवे होते. त्याऐवजी मनात आले, माझ्यावर दया करण्याइतकी ही मोठी कधी झाली? माझे वय, नोकरीतली वर्षे, ते प्रशस्तिपत्र, सगळे तिने एका न लिहिलेल्या ओळीने लहान करून टाकले असे मला वाटले. मी लेखणी उचलली आणि पहिल्या पानाच्या समासात, माझ्या सुरेख म्हणून नावाजलेल्या अक्षरात लिहिले, 'दप्तरी दाखल'.

कचेरीबाहेरच्या वाचकाला या दोन शब्दांचे वजन कळणार नाही. कागद फाडला तर चौकशी होते. दप्तरी दाखल केलेला कागद मात्र अतिशय सन्मानाने लाल फडक्याच्या बस्त्यात बांधला जातो आणि पुन्हा कोणी त्याला हात लावत नाही. मी तो बस्ता स्वतः बांधला आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवला. मग इंटरनेट जलद हवे, यंत्रे जास्त हवीत, अशा मजकुराचे एक पान माझ्या सहीने जिल्ह्याला पाठवले.

"सर, टिपण गेलं का?" तिने दोन दिवसांनी विचारले.

"गेलं, मॅडम."

"बीडच्या बैठकीला मी पण आले असते. नकाशा दाखवता आला असता."

"कंत्राटी कर्मचाऱ्यांना बैठकीला नेता येत नाही." असा कोणताही नियम नाही.

साहेब त्यांच्या गाडीने पुढे गेले, मी एकटाच एसटीने निघालो. मांजरसुंब्याला एसटी बदलताना चहा घेतला, खिशातला कंगवा काढून केस नीट केले. नवरदेवासारखा वागतोय आपण, असे मनात येऊनही कंगवा ठेवला नाही.

बैठकीत प्रणालीची माहिती देणाऱ्या अधिकाऱ्यांनी पडद्यावर एक पान दाखवले. "यंत्र तितकंच चांगलं, जितका त्याला दिलेला नमुना चांगला," ते म्हणाले. "ही यादी बघा. एक खाडाखोड नाही. अशा याद्यांवरून आपलं यंत्र शिकलंय." पडद्यावर माझे अक्षर होते, आणि तळाशी माझी सही. आमच्या साहेबांनी बसल्या जागेवरून मला उभे राहायची खूण केली. मी उभा राहिलो. टाळ्या वाजल्या.

कित्येक महिने मला हेच हवे होते. माझ्याकडे वळलेले चेहरे, आणि त्यांत ती नसणे. टाळ्या वाजत असताना मी पडद्यावरचा तो एकच शब्दसमूह ओळीमागून ओळ वाचत होतो. आढळून आले नाहीत. आढळून आले नाहीत. तेव्हा मला कळले की मी जे माणूस म्हणून केले, तेच आता माझ्यावाचून, न थकता, रोज केले जात आहे. "कुणाला काही सुचवायचंय?" अधिकाऱ्यांनी विचारले. "लेखी सूचना शुक्रवारपर्यंत आल्या तरी चालतील." मी खाली बसलो. पश्चात्तापाची सुरुवात धैर्याने होते असे म्हणणाऱ्यांनी मला पाहिलेले नाही.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, कचेरी उघडताच मी जुनी यादी काढली आणि त्या अर्ध्या कोयत्याच्या अर्जावरचा घर क्रमांक तीत शोधला. तो होता. त्या माघात तिचा नवरा हयात होता. दोघे मिळून एक कोयता होती, आणि दोघेही माझ्या लेखी आढळून आलेली नव्हती. त्या बाईने मला "हाय का न्हाई" असे विचारले होते, ते यंत्राला विचारले असे मी धरून चाललो होतो.

मी बस्ता खाली काढला. गाठ मीच मारलेली होती, तरी सुटेना. तीन पाने घेऊन तिच्या टेबलापाशी गेलो आणि 'दप्तरी दाखल' दिसेल अशी तिच्यापुढे ठेवली.

"हे मी केलं," मी म्हणालो. "तुमचा हेवा वाटला म्हणून."

तिने समासातले शब्द वाचले. चेहरा उतरला नाही, हे मला विचित्र वाटले.

"मला गेल्या आठवड्यातच कळलं होतं, सर. मामांनी सांगितलं." मामा म्हणजे शिपाई. "कपाट झाडताना त्यांना नवी गाठ दिसली, आणि फडक्याच्या कडेनं माझी पानं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही मॅडम-मॅडम करत होतात. बोलायला जागा कुठं ठेवली होती?" तिने पाने सारखी केली. "माझी आई बी त्या रांगेत उभी राहिली होती. तुम्ही ओळखलं नाही, मी बी सांगितलं नाही. म्हटलं, ओळखीनं काम झालं तर माझ्या वहीला काय अर्थ?"

मी खुर्ची ओढून तिच्या टेबलासमोर बसलो.

"शुक्रवारपर्यंत वेळ आहे," मी म्हणालो. "आजच पाठवतो."

"असं नको पाठवू. शेवटचा परिच्छेद अर्धा आहे. घरभेटी माघात झाल्या एवढंच मला लिहिता आलं. कशा झाल्या, तिथं कोण काय बोललं, ते मला कसं कळणार? ते तुम्ही लिहा. सहीसकट. यादीखाली जशी आहे तशी."

दुपारच्या सुटीत तिने रागाच्या भरात मला एकेरी संबोधल्याचे माझ्या ध्यानात आले. कितीतरी महिन्यांत माझ्याशी कोणी इतके खरे बोलले नव्हते.

चौथे पान मी लिहिले. कुलपे, ओटे, ते आजोबा आणि त्यांचा अंगठा, सारे लिहिले. ही माणसे ऊसतोडीला गेली आहेत हे ठाऊक असूनही मी 'आढळून आले नाहीत' असे नोंदवले, म्हणून ही यादी कोणत्याही यंत्राला नमुना म्हणून देऊ नये, असे लिहून सही केली. साहेबांनी ते वाचून चष्मा काढला.

"अहो, रिटायरमेंटला किती वर्षं राहिली तुमची? कशाला धोंडा पाडून घेताय पायावर?"

"धोंडा जुनाच आहे, साहेब."

"आणि बैठकीत टाळ्या घेताना बरं गप बसलात!"

त्यांनी पाने वर पाठवली. महिन्याने माझ्याकडे खुलासा मागितला गेला, तो मी दिला. प्रशस्तिपत्र मी खाली उतरवले. भिंतीवर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला आहे, आणि पाहुणे आता त्याविषयी विचारतात.

धोरण अजून पक्के व्हायचे आहे. तिच्या सूचनांतले किती त्यात राहील, मला माहीत नाही. विभागीय बैठकीत नकाशा मांडण्यासाठी तिला संभाजीनगरला बोलावले, तेव्हा शिपाई पेढे घेऊन आला. मी पेढा खाल्ला, तिला शुभेच्छा दिल्या, आणि तोच जुना हेवा पुन्हा वाटला. माझ्या नावाचे बोलावणे नव्हते. मी सुधारलो असे लिहिण्याचा मोह होतो आहे, म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवतो.

आमच्या तालुक्यापुरता एक हुकूम मात्र निघाला. बंद पडलेल्या कार्डांच्या घरभेटी माणसे घरी असताना, दसऱ्याच्या आत, पुन्हा कराव्यात. डोंगरपट्ट्यातल्या वस्त्या मी मागून घेतल्या. श्रावणातल्या एका सकाळी त्या बाईच्या दारात उभा राहिलो. ती शेळीला पाला घालत होती.

"या सायेब. आज मशीन न्हाई आणलं?"

"नाही, मावशी. मीच आलोय."

"मग बगा नीट. डोळं फाडून बगा," ती म्हणाली, आणि पदराने ओटा झाडून मला बसायला जागा केली.

छापील नमुना बदललेला नव्हता. त्यात अजून तेच दोन रकाने होते. मी पहिल्यात खूण केली. मग पट्टी काढून कागदाच्या उजव्या कडेला एक उभी रेघ ओढली आणि वर लिहिले, 'ऊसतोडीला जातात, पाडव्याला परततात'. तो रकाना तिच्या टिपणातला होता. माझी फक्त रेघ होती. त्या ओट्यावर बसूनही हे मला टोचले. मी रेघ सरळ आली आहे ना ते पाहिले आणि पुढच्या घराकडे निघालो.